अंधश्रद्धेचा आरोप आणि न पोहोचलेला दवाखाना

मेळघाट, धडगाव किंवा भामरागडसारख्या आदिवासी भागात एखादी बाळंतीण दगावली, एखादे मूल तापाने गेले, की पुढचा क्रम ठरलेला असतो. बातमी येते, दौरा होतो, चौकशी बसते. शेवटी कोणीतरी जबाबदार माणूस सांगतो की सुविधा सगळ्या आहेत, पण हे लोक दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. आधी भुमका, भगत अशा पारंपरिक उपचार करणाऱ्यांकडे जातात, उशीर करतात, आणि त्यांची मानसिकता बदलल्याशिवाय काही होणार नाही. अधिकारी हे म्हणतात, शहरातले डॉक्टर म्हणतात, आदिवासींविषयी कळवळ्याने लिहिणारी माणसेही म्हणतात. इतक्या वर्षांच्या पुनरुक्तीने हे विधान आता पुरावा मागण्याच्याही पलीकडे गेले आहे. त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे, आणि मेलेल्या माणसाच्याच माथी त्याच्या मृत्यूची जबाबदारी मारली जाते आहे. म्हणून त्याचा प्रतिवाद केलाच पाहिजे.

भुमका, भगत, बडवा, पुजारी आहेत आणि लोक त्यांच्याकडे जातात, हे मी नाकारत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाला तापल्या विळ्याने डंबा देतात. त्या चटक्यांनी मुलांचे जे हाल होतात, त्याचे समर्थन कोणत्याही संस्कृतीच्या नावाने होऊ शकत नाही. आदिवासींची प्रत्येक प्रथा शहाणपण म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांशीही माझे जमत नाही. त्या कौतुकाने मुलाच्या पोटाची आग कमी होत नाही. पण डंबा देऊ देणाऱ्या आईला त्या क्षणी दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न तरी विचाराल की नाही? मूल मध्यरात्री तडफडू लागले. आरोग्य केंद्र कैक किलोमीटर दूर, तिथे डॉक्टर असेल याची खात्री नाही, फोनला रेंज नाही, आणि भुमका चार घरे सोडून. ती जवळच्या माणसाकडे गेली. पुण्या-मुंबईतली आईसुद्धा आधी जवळचाच डॉक्टर गाठते. तिच्या जवळ डॉक्टर असतो, एवढाच फरक.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली. मदत घ्यायचा निर्णय करण्यातला विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आपल्याकडे आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात हे तीन विलंब शिकवले जातात. पण मृत्यूनंतरच्या चौकशीत बोट पहिल्यावरच येऊन थांबते, कारण पहिला विलंब कुटुंबाचा असतो आणि उरलेले दोन सरकारचे. त्या दोघींनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती सोयीस्करपणे गाळली जाते. अंतर आणि उपचारांचा दर्जा यांचा अनुभव माणसाच्या निर्णयावर आधीच परिणाम करतो. झोळी करून, डोंगर उतरून बाईला खाली आणले, तिथून 'पुढे न्या' म्हणून सांगितले, पुढे भूलतज्ज्ञ नाही म्हणून आणखी पुढे पाठवले. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने जवळजवळ दीडशे किलोमीटर. वाटेतच ती गेली. त्या पाड्यातले लोक पुढच्या बाळंतपणाच्या वेळी लवकर निघतील की उशिरा? आपण ज्याला मानसिकता म्हणतो, ती पाड्याची स्मृती आहे. व्यवस्थेने जे केले ते लोकांच्या लक्षात राहते.

विश्वास कसा तयार होतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही मंत्र घालणाऱ्या प्रदेशातले. कोकणात लाल विंचू चावला की मांत्रिकाला बोलावत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले, तेव्हा दवाखान्यात आणलेल्या गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. दवाखान्याकडे खात्रीचा उपचारच नव्हता. मग लोकांनी मांत्रिकाला सोडून दवाखान्यावर भरवसा ठेवावा तो कशाच्या जोरावर? बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशी बसून दंशानंतर शरीरात काय होते ते टिपले, रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली, आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. आज कोकणातला माणूस विंचू चावल्यावर दवाखान्याकडे धावतो. गोळी आधी आली, विश्वास मागून आला. प्रबोधनाला माझा विरोध नाही. पण ज्या दवाखान्यात औषध नाही त्या दवाखान्यात या, असे प्रबोधन करणे ही फसवणूक आहे.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला. कायदा योग्यच आहे आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. पण त्याच न्यायाने, सर्पदंशाचा रुग्ण घेऊन नातेवाईक आरोग्य केंद्राच्या दारात उभे आहेत आणि आत प्रतिसर्पविष नाही, किंवा आहे पण ते टोचण्याची जोखीम घेणारे कोणी नाही, तर तो कोणाचा गुन्हा? प्रतिसर्पविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. ते तिथून निघते आणि शेवटच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मांत्रिकाच्या धंद्याला आपणच हातभार लावतो.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' सुरू केली. गोंड लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तरे साधी होती. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून भीती वाटते, कारण ते प्रेताला गुंडाळण्याचे कापड आहे. रुग्णाला एकटे ठेवतात, घरच्यांना बाहेर काढतात. बोलणे कळत नाही. मग 'सर्च'च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाईक रुग्णाबरोबर राहतील अशी सोय केली गेली, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. लोक आले. ज्यांची 'मानसिकता' बदलायला पिढ्या लागतील असे सांगितले जाते, ते दवाखान्याने आपली रचना बदलताच आले. यात कोणाच्या अंधश्रद्धेला शरण जाण्याचा प्रश्नच आला नाही. आतली औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया आधुनिकच होत्या.

याच जिल्ह्यात पुढे जे घडले ते जगाने उचलले. दवाखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्या नवजात बाळांसाठी गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. याच आया, याच सासवा, हीच झोपडी. मुलाला सुई टोचू द्यायला त्या तयार झाल्या, कारण सुई टोचणारी त्यांच्या भाषेत बोलत होती, रात्री हाकेला येत होती आणि तिच्या हातून बाळे वाचताना त्या पाहत होत्या. केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरच्या नवजात बाळसेवेची योजना आशांमार्फत देशभर लागू केली, तिचे मूळ इथे आहे.

बाळंतपणाविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तिथे 'मागासलेपणा'चा आरोप सर्वांत मोठ्या आवाजात होतो. आदिवासी बाया घरी बाळंत होणे पसंत करतात, हे खरे. का? घरी त्या उकिडव्या बसून, दोरीला धरून, ओळखीच्या बायकांच्या हातात बाळंत होतात. दवाखान्यात त्यांना अरुंद टेबलावर उताणे झोपवतात, सासूला-आईला बाहेर थांबवतात, अनोळखी पुरुषासमोर उघडे करतात, आणि ओरडल्या तर दरडावतात. प्रसूतिगृहातली शिवीगाळ आणि थपडा यांविषयी आपल्या समाजात बोलले जात नाही. ती सोसलेल्या शहरी गरीब बायकाही बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक बाईला आपल्या पसंतीची सोबतीण हवी, सन्मानाची वागणूक हवी, बाळंतपणात कोणत्या स्थितीत राहायचे ते तिने ठरवावे, असे त्यांत आहे. केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबतीण आणि सन्मान यांचा आग्रह आहे. म्हणजे कोरकू आणि माडिया बाया वर्षानुवर्षे जे मागत होत्या आणि ज्यासाठी त्यांना अडाणी म्हटले गेले, ते आज वैद्यकशास्त्राचेच म्हणणे आहे. त्यांची माफी कोणी मागितलेली नाही.

राज्याने आदिवासी भागात माहेरघर योजना आणली. गरोदर बाईने दिवस भरत आले की आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहावे, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. कल्पना चांगली आहे. पण घरी तीन-चार वर्षांचे मूल, शेतात कापणी, नवरा मजुरीला, आणि सोबत येणारीचीही मजुरी बुडणार. ही गणिते जिथे सोडवली जातात तिथे माहेरघर चालते, आणि जिथे ती बाईवर सोपवली जातात तिथे खोल्या रिकाम्या राहतात. रिकामी खोली दाखवून 'बघा, सुविधा दिली तरी येत नाहीत' असे म्हणणे हा अन्याय आहे.

आदिवासी आधुनिक उपचारांना नकार देतात, या समजुतीचा निकाल सरकारने नेमलेल्या समितीनेच लावला आहे. आरोग्य आणि आदिवासी कार्य या दोन केंद्रीय मंत्रालयांनी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. बाह्यरुग्ण उपचारांसाठी आदिवासींपैकी निम्म्याच्या आसपास लोक सरकारी संस्थांत जातात आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर दोन-तृतीयांश सरकारी रुग्णालयातच जातात, असे त्यात नोंदवले आहे. देशात सरकारी दवाखान्यावर सर्वाधिक विसंबून असलेला हा समाज आहे. त्याच्याकडे पैसे देऊन जाण्याजोगा दुसरा पर्यायच नाही. ज्याला पर्याय नाही त्याच्याच दवाखान्यात जागा सर्वांत जास्त रिकाम्या असाव्यात, ही या अहवालानंतरही न हललेली परिस्थिती आहे.

भूगोलाचे कारण पुढे केले जाते. डोंगर, जंगल, नद्या, पावसाळा. भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने तुटतो, नर्मदाकाठचे पाडे सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यापलीकडे आहेत, हे सारे खरे. पण विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवर मतदान कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवले जातात. मत आणण्यासाठी जे अंतर कापता येते ते अडलेल्या बाळंतिणीसाठीही कापता आले पाहिजे. भूगोल अडचण आहे म्हणूनच निकष वेगळे हवेत. आज डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. सपाटीवरच्या तीस आणि पाच हजारांच्या तुलनेत तो उदार वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला ३६५ होती आणि गडचिरोलीची ७४. डोकी मोजून दवाखाने वाटले तर विरळ वस्तीच्या वाट्याला अंतरच येणार. मोजायचे तर चालण्याचे तास मोजा.

दुसरे उत्तर सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचे असते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्वांना खुली आहे, संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठू शकणाऱ्याला तिचा आधार आहे, तो नाकारायचे कारण नाही. पण ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे. हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण, सिकलसेलचे रोजचे दुखणे या गोष्टी पाड्यावर घडतात आणि तिथेच आवरल्या तर माणूस वाचतो. शिवाय कागद लागतात. वीटभट्टीवर आठ महिने काढणाऱ्या कातकरी कुटुंबाचे नाव गावच्या यादीत असते आणि माणसे भिवंडीकडे; तिकडच्या अंगणवाडीत ती नसतात आणि इकडच्या लसीकरणात सापडत नाहीत. पारधी, वैदू, डोंबारी अशा भटक्या-विमुक्तांची अडचण याहून बिकट, कारण त्यांतल्या अनेकांना गावच नाही.

आणि उपचाराच्या दारापर्यंत पोहोचणे म्हणजेच सारे झाले असे समजणाऱ्यांनी बीडकडे पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची नोंद झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. या बाया भगताकडे गेल्या नव्हत्या. त्या डॉक्टरकडे गेल्या, पदरचे किंवा मुकादमाकडून उचललेले पैसे मोजून गेल्या, कारण अंगावरून जाणे आणि पोटदुखी यांमुळे खाडा पडला तर कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, दंड भरावा लागतो. फडाजवळ ना पाणी, ना संडास, ना सरकारी दवाखाना, आणि खासगीत गर्भाशय काढण्याचा सल्ला. आधुनिक वैद्यकावर विश्वास ठेवल्याची ही किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणती मानसिकता बदलायला सांगणार? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या होत्या. त्यांचे निष्कर्ष १९८९ मध्येच प्रसिद्ध झाले: ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या फक्त आठ टक्के. या बायका मुकाट सोसत होत्या, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तीस वर्षांनंतर बीडमध्ये विचारणारे भेटले, ते असे.

डॉक्टर जंगलात जायला तयार नाहीत, हे शेवटचे उत्तर. काही जात नाहीत, हे मान्य. पण जे गेले, त्यांना आपण कसे वागवले? आदिवासी भागातल्या भरारी पथकांचे डॉक्टर वर्षानुवर्षे 'मानसेवी' म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबले. आशांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला, आणि महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जाऊन आझाद मैदानात बसावे लागले. पाड्यावरची आशा हीच भाषा जाणणारी, वाट जाणणारी, रात्री दार ठोठावता येईल अशी एकमेव आरोग्यसेवक आहे. तिला पगार नाही, मानधन आणि कामाच्या नगावर मोबदला आहे. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून राहिले, बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे राहिले, म्हणून आपण त्यांचे सत्कार करतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण असामान्य माणसांच्या त्यागावर चालणारी आरोग्यसेवा हा राज्याचा कारभार होऊ शकत नाही. स्थानिक कोरकू, पावरा, माडिया मुलींना नर्सिंगचे शिक्षण देऊन त्यांच्याच तालुक्यात कायम नेमणूक देणे, हे सरकारला आज जमण्यासारखे काम आहे.

२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की राज्यातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तेव्हापासून मोजणी सुधारली, चौकशीचे नमुने आले, माता आणि बालमृत्यूंचे अन्वेषण होऊ लागले. आता त्या अन्वेषणातला एक रकाना बदलावा, अशी माझी मागणी आहे. 'नातेवाइकांनी उशीर केला' किंवा 'रुग्णाने नकार दिला' असे लिहिण्याआधी त्या दिवशी डॉक्टर हजर होते का, औषध होते का, रक्त होते का, फोन केल्यापासून गाडी किती वेळात आली, आणि आत रुग्णाशी त्याच्या भाषेत कोण बोलले, ही उत्तरे भरणे सक्तीचे करा. आणि तो अहवाल त्या गावाच्या ग्रामसभेत वाचा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात सामाजिक सेवांच्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेला दिला आहे; महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. तो अधिकार आरोग्य केंद्राच्या दारात थांबवण्याचे काहीच कारण नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बातमी येईल आणि पुन्हा कोणीतरी अंधश्रद्धेचे नाव घेईल. तेव्हा वाचकांनी एवढेच विचारावे: त्या तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाची आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा कधीपासून रिकामी आहे?